नोटेवरची सही: चिंतामणराव देशमुख आणि ब्रिटनकडचं येणं

(दृश्य: सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली दहा रुपयांची जुनी नोट. कॅमेरा सहीवर स्थिरावतो.)

नोटेवर इंग्लंडचा राजा आहे आणि खाली सही आहे सी. डी. देशमुख यांची. भारताच्या चलनी नोटांवर गव्हर्नर म्हणून सही करणारा हा पहिला भारतीय माणूस. ११ ऑगस्ट १९४३ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या वेळी बंगालमध्ये माणसं भुकेनं मरत होती, आणि तांदूळ गरिबाच्या आवाक्याबाहेर जाण्यामागे ज्या नोटांच्या पुराचा हात होता, त्या नोटा याच बँकेतून निघत होत्या.

असं का होत होतं, हे नीट समजून घेऊ, कारण देशमुखांचं पुढचं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतं.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. ब्रिटिश सरकार भारतातून खाकी कापड, तागाची पोती, धान्य, पोलाद उचलत होतं. या मालाचे पैसे रोख हातात येत नव्हते. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा व्हायचे आणि त्या पौंडांच्या आधारावर बँक इकडे रुपये छापून व्यापाऱ्यांचे, गिरण्यांचे पैसे चुकते करायची. कायद्यानं तशी मुभा होती. माल देशाबाहेर, नोटा देशात. युद्धाच्या वर्षांत चलनातल्या नोटा पाचपटींहून जास्त वाढल्या आणि महागाईनं गरिबाचं कंबरडं मोडलं. लंडनच्या खात्यावर मात्र आकडा फुगत गेला. युद्ध संपेपर्यंत ब्रिटन भारताचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. राज्यकर्ता ऋणको, आणि पारतंत्र्यातला देश त्याचा सावकार!

हे येणं बुडू द्यायचं नाही, हे काम ज्यांच्या वाट्याला आलं त्यांत देशमुख आघाडीवर होते.

(दृश्य: रोहा, कुंडलिका नदीचा काठ.)

रायगडच्या परिसरातलं नाते हे त्यांचं जन्मगाव, जन्म १४ जानेवारी १८९६ चा. वडील रोह्याला वकिली करत. १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. केंब्रिजला गेले ते निसर्गविज्ञान शिकायला, आणि तिथे वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक घेतलं. अर्थशास्त्राची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. ते अर्थशास्त्र शिकले ते फायलींमधून, जमीन महसुलातून, प्रांताच्या अंदाजपत्रकांतून. १९१८ मध्ये आय. सी. एस., म्हणजे ब्रिटिश अमदानीतल्या सनदी सेवेच्या परीक्षेत ते पहिले आले. लंडनमध्ये त्यांनी लोकमान्य टिळकांची भेट घेतली. ही नोकरी सोडून देशकार्यात उतरावं का, हा प्रश्न मनात होता. स्वराज्य आल्यावर कारभाराचा अनुभव असलेली माणसं लागतील, असा टिळकांचा सल्ला होता. तरुण देशमुखांनी तो मानला, आणि पुढची वीस वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सेवेत काढली.

(दृश्य: डोंगरापुढचं पांढरं, लाल छपराचं हॉटेल. जुलै १९४४.)

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं ब्रेटन वुड्स. ४४ देशांचे प्रतिनिधी युद्धानंतरच्या जगाची आर्थिक घडी बसवायला इथे जमले होते. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, म्हणजे व्हाइसरॉयच्या सरकारचे इंग्रज अर्थसदस्य. आर्थिक सल्लागार थिओडोर ग्रेगरी हेही इंग्रजच. पण त्यांच्या सोबत देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते आणि टाटा उद्योगातले अर्देशिर श्रॉफ होते. श्रॉफ त्याच वर्षी गाजलेल्या बॉम्बे प्लॅनच्या, म्हणजे उद्योगपतींनी मांडलेल्या भारताच्या विकास आराखड्याच्या कर्त्यांपैकी एक.

भारताची मागणी सरळ होती. इथे आकाराला येत असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं युद्धकाळातल्या या येण्याचा काही भाग तरी डॉलरसारख्या चलनात बदलून मिळण्याची सोय करावी. श्रॉफ यांनी ती मोठ्या तडफेनं मांडली. बँकेत दहा लाख डॉलर जमा असलेल्या माणसाकडे टॅक्सीचं भाडं द्यायला रोकड नसावी, तशी आमची गत झाली आहे, अशा अर्थाचं ते बोलले. समोर होते ब्रिटनचे प्रतिनिधी, अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स. केन्स यांनी धनको देशांच्या उदारपणाबद्दल आभार मानले आणि सांगितलं की हा हिशेब ब्रिटन संबंधित देशांशी थेट बसून मिटवेल. मागणी फेटाळली गेली.

या टप्प्यावर देशमुखांचा पिंड कळतो, असं मला वाटतं. एक दार बंद झालं म्हणून ही मंडळी रुसून बसली नाहीत. मग जोर लावला तो भारताच्या वाट्यावर, म्हणजे नाणेनिधीतल्या कोट्यावर, कारण मताचं वजन आणि कर्ज मिळण्याची मर्यादा त्यावरच ठरणार होती. चीनला ५५ कोटी डॉलर, फ्रान्सला ४५ कोटी. भारतानं घासाघीस करत आपला आकडा ४० कोटींवर नेला आणि सहावा क्रमांक मिळवला. संचालक मंडळावर स्वतःचा माणूस नेमण्याचा हक्क पहिल्या पाचांनाच होता. पुढे सोव्हिएत संघ नाणेनिधीत आलाच नाही आणि पाचवी खुर्ची भारताला मिळाली, तीही स्वातंत्र्याच्या आधी. सदस्य देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हे शब्द नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आले, त्यामागेही गरीब देशांसाठी भारतानं धरलेला आग्रह होता.

येण्याची लढाई मात्र संपली नव्हती. युद्धाचा खर्च भारताच्याही रक्षणासाठी झाला, तेव्हा कर्जात सूट द्या, असा सूर लंडनमध्ये उघडपणे लागत होता. देशमुखांची भूमिका ठाम होती: माल दिला आहे, त्याची किंमत इथल्या माणसानं पोटाला चिमटा घेऊन मोजली आहे, कपात मान्य नाही. ज्या सरकारनं नेमलं त्याच्याच मालकापुढे हे धरून ठेवणं सोपं नव्हतं. अखेर १९४७ आणि १९४८ च्या करारांनी रक्कम टप्प्याटप्प्यानं मोकळी व्हायला लागली. त्यातला मोठा हिस्सा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूद आणि मागे राहिलेली लष्करी सामग्री यांत वळता झाला, पण कर्ज माफ झालं नाही.

(दृश्य: फाळणीची चित्रं, मग संसद भवन.)

देश दुभंगला तेव्हाही, जून १९४८ पर्यंत, पाकिस्तानचं चलन याच रिझर्व्ह बँकेनं सांभाळलं. दोन सरकारं एकमेकांवर गुरगुरत असताना दोघांची बँक चालवणं हा वेगळाच मुत्सद्दीपणा होता. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, जूनअखेर देशमुखांनी गव्हर्नरपद सोडलं. नेहरूंनी त्यांना अमेरिका आणि युरोपसाठी खास आर्थिक प्रतिनिधी नेमलं. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले, आणि त्याच वर्षी पॅरिसला नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या संयुक्त सभेचं अध्यक्षस्थान त्यांनी भूषवलं. पहिली पंचवार्षिक योजना, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण ही सगळी त्यांच्या कारकिर्दीतली कामं.

आणि मग जुलै १९५६. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा निर्णय, लोकांवर झालेला गोळीबार, आणि त्याची न्यायालयीन चौकशी करायला सरकारचा नकार. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून निवडून आलेल्या या अर्थमंत्र्यानं राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. महाराष्ट्रात त्यांचं नाव निघतं ते याच राजीनाम्यासाठी, आणि ते योग्यच आहे. पण लंडनपुढे वर्षानुवर्षं धरलेला हेकाही तितक्याच अभिमानानं सांगायला हवा.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रं आणि धान्य आणता आणता लंडनची ती शिल्लक झपाट्यानं आटली. १९५८ मध्ये परकीय चलनाचा पेच पडला, तेव्हा भारताला मदत करणाऱ्या देशांची बैठक जागतिक बँकेनंच वॉशिंग्टनला बोलावली. ब्रेटन वुड्सला याच बँकेच्या स्थापनेच्या वाटाघाटींत बसलेले देशमुख त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.