केली क्लार्कसन: शो जिंकला, मग स्वतःच्या गाण्यांसाठी भांडली

आज मोठी गायिका असलेल्या केलीला तेव्हाच्या एका क्लिपमध्ये बघा, तिचं वय आहे २० आणि अंगातला तो टॉप तिने जीन्सच्या कापडातून स्वतःच बनवलाय. साल २००२, टेक्सासमधलं डॅलस, अमेरिकन आयडल नावाच्या एका नव्या कोऱ्या शोचं ऑडिशन. तिने मडोनाचं एक गाणं म्हटलं, एटा जेम्सचं एक म्हटलं आणि मग मजा म्हणून जज रँडी जॅक्सन उठून तिच्या जागी उभा राहिला अन् ही बिनधास्त जाऊन त्याच्या खुर्चीत बसली. त्या सीझनमध्ये सुरुवातीला जास्त बोलबाला होता तो टमायरा ग्रे या दुसऱ्या गायिकेचा. केली क्लार्कसन हे नाव लोकांच्या तोंडी बसायला वेळ लागला.

तिची आधीची स्टोरी थोडक्यात सांगतो. जन्म फोर्ट वर्थचा, २४ एप्रिल १९८२, आणि वाढली बर्लेसन नावाच्या छोट्या गावात. ती ६ वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले आणि घराचे अक्षरशः तुकडे झाले, भाऊ वडिलांकडे गेला, बहीण नातेवाइकांकडे वाढायला गेली आणि केली आईजवळ राहिली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिची जी दोन गाणी लोकांच्या काळजात जाऊन बसली ती दोन्ही इथूनच आलीत. सातवीत असताना शाळेच्या कॉरिडॉरमधून ती गात चालली होती, ते शाळेच्या कॉयरच्या, म्हणजे समूहगायनाच्या बाईंनी ऐकलं आणि तिला कॉयरसाठी ऑडिशन दे म्हणाल्या, तोपर्यंत तिने गाण्याचं कसलंही शिक्षण घेतलेलं नव्हतं. शाळा संपल्यावर गाण्यात काही होतंय का बघायला लॉस एंजेलिसला गेली, तिथे डेमो केले, फुटकळ कामं केली, पण काही जमेना आणि त्यात राहत्या घराला आग लागली. मग परत गावी. वेट्रेसचं काम करायला लागली. अशात एका मैत्रिणीने तिला या शोबद्दल सांगितलं.

आता हा शो नेमका काय होता ते बघू, कारण आज आपल्याला हा फॉरमॅट इतका ओळखीचा झालाय की तेव्हा त्यात नवीन काय होतं ते कळतच नाही. ब्रिटनमध्ये सायमन फुलरने २००१ मध्ये पॉप आयडल काढला होता, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती. ११ जून २००२ ला फॉक्स चॅनेलवर सुरू झाला, तोसुद्धा उन्हाळ्यात, जेव्हा अमेरिकन टीव्हीवर मोठे शो सहसा येत नाहीत. ऑडिशनला सुमारे १०,००० लोक आले होते. जज तिघं, रँडी जॅक्सन, पॉला अब्दुल आणि तोंडाने फटकळ सायमन कॉवेल. पण एकदा फायनलिस्ट ठरले की जजच्या हातात काही नाही, ते फक्त मत देणार आणि निर्णय फोन करणाऱ्या लोकांचा. म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसमध्ये बसून चारपाच माणसं जे ठरवायची ते इथे लाखो लोक घरी सोफ्यावर बसून ठरवत होते, आणि तेही गायक बाहेर यायच्या आधी, त्याच्या धडपडीसकट, रडण्यासकट सगळं बघून. त्यामुळे विजेत्याचा पहिला अल्बम येईपर्यंत त्याचे चाहते आधीच तयार असायचे.

दर आठवड्याला थीम वेगळी. एकदा मोटाउन म्हणजे साठच्या दशकातली कृष्णवर्णीय अमेरिकन पॉप गाणी, एकदा बिग बँड म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचं जुनं जॅझ, एकदा अजून काही. यातच केली पुढे निघून गेली, कारण तिला काहीही द्या, ती त्यात घुसायची. अरेथा फ्रँकलिनचं गाणं म्हणताना तिचा तो जाड, भरलेला आवाज आणि पुढच्या आठवड्यात जुन्या जॅझ ढंगाचं गाणं म्हणताना तोच आवाज एकदम खेळकर, हलका. ही मुलगी कुठल्याही एका कप्प्यात बसत नव्हती. पुढे तिच्या करिअरमध्ये हाच गुण कामाला आला आणि भांडणाचं कारणही हाच झाला.

४ सप्टेंबर २००२, हॉलिवूडचं कोडॅक थिएटर. समोर जस्टिन ग्वारिनी, कुरळ्या केसांचा, पोरींचा लाडका. दोन कोटींहून जास्त लोक टीव्हीसमोर होते. नाव जाहीर झालं, केली जिंकली, आणि लगेच तिला तेच गाणं म्हणायचं होतं जे विजेत्यासाठी म्हणून आधीच तयार ठेवलेलं, अ मोमेंट लाइक धिस. ही क्लिप जरूर बघा. ती रडतेय, शब्द गिळतेय, बाकीचे स्पर्धक तिच्याभोवती येऊन उभे राहिलेत, आणि तरी वरचा सूर लागायचा तिथे लागतोच. त्यानंतर ते गाणं बिलबोर्ड हॉट १०० च्या, म्हणजे अमेरिकेत दर आठवड्याला निघणाऱ्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५२ नंबरवरून थेट पहिल्या नंबरवर गेलं. त्याआधी इतकी मोठी उडी मारायचा रेकॉर्ड १९६४ पासून बीटल्सच्या नावावर होता.

इथपर्यंतची स्टोरी सगळ्यांना माहितीये. पुढची फार कमी लोक सांगतात, आणि मला विचाराल तर केली मोठी का झाली याचं उत्तर त्या पुढच्या भागातच आहे.

शोमध्ये आलं की करारावर सही आलीच. मॅनेजमेंट सायमन फुलरच्या कंपनीकडे, रेकॉर्ड कंपनी आरसीए. जिंकल्यावर २० वर्षांच्या मुलीने काय गायचं, कधी गायचं, कुठे जायचं, यातलं बरंच काही आधीच ठरलेलं होतं. २००३ मध्ये तिला आणि जस्टिनला घेऊन एक सिनेमाही काढला, फ्रॉम जस्टिन टू केली. तिला तो करायचा नव्हता, त्यातून सुटायचा तिने प्रयत्नही केला, पण करार होता. सिनेमा सपाटून आपटला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिला अल्बम थँकफुल आला आणि थेट पहिल्या नंबरवर उतरला, म्हणजे गाणी चालत होती. मग वर्षाच्या शेवटी वर्ल्ड आयडल, वेगवेगळ्या देशांचे विजेते एकत्र आणून लंडनमध्ये घेतलेली स्पर्धा. तिथे केली दुसरी आली, जिंकला नॉर्वेचा कर्ट निल्सन, जो आधी प्लंबर होता.

आता त्या गाण्याबद्दल. केली १६ वर्षांची असताना तिने बिकॉज ऑफ यू लिहायला घेतलं होतं. वडील निघून गेले, आई रडताना बघितली, आणि त्याने लहान मुलीच्या मनात जी भीती बसली, कोणावर विश्वास टाकायचा नाही, कोणासमोर रडायचं नाही, ते सगळं त्यात आहे. हे गाणं तिने पहिल्या अल्बमसाठी कंपनीला ऐकवलं आणि त्यांनी नाकारलं. तिने नंतर स्वतः सांगितलंय की तुला लिहिता येत नाही असं तिला तोंडावर ऐकवलं गेलं. विचार करा, वय विशी, नुकतीच एवढी मोठी स्पर्धा जिंकलेली, आणि आपल्या घरातलं सगळ्यात दुखरं जे आहे ते कागदावर उतरवून तुम्ही समोर ठेवता आणि समोरचे म्हणतात यात दम नाही. कितीतरी जण तिथे गप्प बसले असते, कारण गप्प बसलं तरी पैसे मिळतच होते, शो मिळतच होते. ती गप्प बसली नाही. गाणं धरून ठेवलं, बेन मूडी आणि डेव्हिड हॉजेस यांच्यासोबत त्यावर परत काम केलं आणि दुसऱ्या अल्बममध्ये ते घेतलंच.

तो दुसरा अल्बम म्हणजे ब्रेकअवे, नोव्हेंबर २००४. यात सिन्स यू बीन गॉन पण आहे, मॅक्स मार्टिन आणि डॉक्टर ल्यूक या गाणी लिहिणाऱ्या-बनवणाऱ्या जोडीचं. कानाला हेडफोन लावून हे गाणं एकदा नीट ऐका. सुरुवातीला गिटार दबक्या पावलाने चालू, केली खालच्या पट्टीत जवळजवळ बोलल्यासारखी गाते, आणि कोरस आला की गिटार, ड्रम सगळं एकदम उसळतं आणि तिचा आवाज त्या सगळ्याच्या वर जाऊन उभा राहतो. गाण्यात गिटार आणि ड्रम जास्त हवेत, जरा रॉक वाटलं पाहिजे हा आग्रह तिचा होता. टॅलेंट शोमधून आलेली मुलगी म्हणजे गोड गोड बॅलड गाणार असं जे लोकांनी धरून ठेवलेलं होतं ते या एका गाण्याने मोडलं. आयडलचं नाव ऐकून नाक मुरडणारे रॉकवालेसुद्धा हे गाणं आवडीने ऐकायला लागले. हॉट १०० वर ते दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. आणि कंपनीने आधी नाकारलेलं ते बिकॉज ऑफ यू? ते सातव्या नंबरपर्यंत गेलं आणि जगभर वाजलं.

फेब्रुवारी २००६ ला तिला दोन ग्रॅमी मिळाल्या, एक सिन्स यू बीन गॉनच्या गायनासाठी, एक ब्रेकअवे अल्बमसाठी. आयडलमधून आलेल्या कुठल्याही गायकाला मिळालेल्या ह्या पहिल्या ग्रॅमी.

मग २००७. माय डिसेंबर. या अल्बमची सगळी गाणी लिहिण्यात केलीचा हात होता, आणि अल्बम अंधारलेला, चिडलेला, रॉककडे झुकणारा. क्लाइव्ह डेव्हिस, म्हणजे अमेरिकन म्युझिक इंडस्ट्रीतलं प्रचंड वजनदार नाव आणि तिच्या कंपनीतला बॉस, त्याला यात हिट गाणी दिसेनात. त्यांच्यातला वाद थेट पेपरमध्ये आला. केली मागे हटली नाही, अल्बम तिला हवा तसाच आला, पहिल्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवर उतरला, पण ब्रेकअवेसारखा चालला नाही, आणि त्या उन्हाळ्यातली मोठी टूर तिकिटं विकली जात नाहीत म्हणून रद्द करावी लागली. खरं सांगायचं तर हिशोबाच्या बाजूने बघितलं तर डेव्हिसचं चुकलं नव्हतं, त्यात रेडिओवर दिवसभर वाजेल असं गाणं खरंच कमी आहे. पण मला हा अल्बम महत्त्वाचा वाटतो, तिने तो काढला नसता तर ती आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेली गायिका राहिली असती. किंमत मोजावी लागली आणि तिने मोजली.

दोन वर्षांनी परत आली. जानेवारी २००९ मध्ये नवीन गाणं आलं, परत मॅक्स मार्टिनसोबत, आणि ते हॉट १०० वर ९७ नंबरवरून पहिल्या नंबरवर गेलं. तेव्हाची ती सगळ्यात मोठी उडी. पुढे २०१२ मध्ये स्ट्राँगर पहिल्या नंबरवर, त्याच नावाच्या अल्बमला २०१३ मध्ये परत ग्रॅमी, त्याच वर्षी जानेवारीत ओबामांच्या दुसऱ्या शपथविधीला गाणं. हे सगळं भराभर सांगतोय कारण यश आलं की ते एकसारखंच दिसतं.

थांबायचं ते २०१६ च्या फेब्रुवारीत. अमेरिकन आयडलचा तेव्हाचा शेवटचा सीझन, केली पाहुणी जज म्हणून आलीये, दुसऱ्या बाळासाठी प्रेग्नंट आहे, आणि पीस बाय पीस गाते. हे गाणं पण वडिलांबद्दलच, पण आता ती स्वतः आई आहे आणि गाण्यात म्हणतेय की माझ्या मुलीला तसं कधीच सोडून जाणार नाही असा माणूस तिचा बाप आहे. साथीला पियानो, बाकी फार काही नाही. अर्ध्यात तिचा आवाज फुटतो. ती थांबते, रडते, परत धरते, परत फुटतो. जजच्या टेबलावर कीथ अर्बन डोळे पुसतोय. सोळा वर्षांच्या मुलीने लिहिलेलं पहिलं गाणं म्हणत होतं मी तुझ्यामुळे अशी झाले, आणि हे दुसरं, तेवढ्याच वर्षांनंतर, दुसऱ्या टोकावरून लिहिलेलं. या परफॉर्मन्सनंतर वर्षभर जुनं असलेलं ते गाणं नव्याने आठव्या नंबरपर्यंत गेलं.

त्याच वर्षी आरसीएसोबतचा करार संपलेला असल्याने ती अटलांटिक या दुसऱ्या कंपनीत गेली आणि २०१७ मध्ये मीनिंग ऑफ लाइफ काढला, सोलकडे झुकणारा, तिच्या आवाजाला शोभणारा. करार म्हणजे काय हे तिला स्वतःच्या अनुभवातून कळलेलं होतं. म्हणूनच २०१९ मध्ये टेलर स्विफ्टच्या जुन्या गाण्यांचे मास्टर्स, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग आणि त्यांची मालकी, विकले गेले तेव्हा केलीने तिला जाहीरपणे सुचवलं, सगळी गाणी परत रेकॉर्ड कर, नवीन कव्हर दे, चाहते तीच घेतील. पुढे टेलरने गाणी परत रेकॉर्ड केली, ते आपण बघितलंच.

२०१८ मध्ये केली द व्हॉइस या दुसऱ्या टॅलेंट शोची कोच झाली. तिच्या पहिल्याच सीझनला तिच्या टीममधली ब्रिन कार्टेली जिंकली, वय फक्त १५. आता अशा मुलीचं शो संपल्यावर काय होतं हे केलीइतकं कोणाला माहीत असणार, टीव्हीवर नाव होतं, चारसहा महिने लोक ओळखतात, मग पुढचा सीझन येतो. तर २०१९ च्या जानेवारीत केली स्वतःची टूर घेऊन निघाली तेव्हा ओपनिंगला तिने ब्रिनला सोबत घेतलं, शहरामागून शहर, मोठमोठ्या स्टेडियमसारख्या हॉलमध्ये, केलीचं नाव वाचून आलेल्या गर्दीसमोर त्या मुलीला रोज रात्री स्वतःची गाणी म्हणायला मिळत होती.