राउटरपलीकडची हाक

मंडळी, ‘तिसऱ्या मजल्यावरचे कंट्रोलर दिसत नाहीत’ हे वाक्य बीएमएसचं, म्हणजे इमारतीतल्या यंत्रणा सांभाळणाऱ्या प्रणालीचं, काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी फोनवर ऐकलेलं असतं. लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्यावर जावं, तिथल्याच स्विचमध्ये केबल खोचावी, तर सगळे हजर! कंट्रोल रूममध्ये परत यावं, तर पुन्हा गायब. कंट्रोलर धडधाकट असतात. त्यांची हाक तेवढी राउटरपाशी अडलेली असते.

अ‍ॅश्रे या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९९५ मध्ये बॅकनेट, म्हणजे इमारतीतल्या उपकरणांची आपसात बोलायची भाषा, मानक १३५ म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हा उपकरणांनी एकमेकांना शोधायचं कसं याचं उत्तर अगदी साधं ठेवलं होतं: ओरडून. एकाने ‘हू-इज’ अशी हाक मारायची, ज्याचं नाव निघेल त्याने ‘आय-अ‍ॅम’ म्हणून ओ द्यायची. आयपीवर ही हाक यूडीपीच्या ४७८०८ पोर्टवर जाते. हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये लिहिला की बी, ए, सी, शून्य असा दिसतो. मानक लिहिणारी मंडळी अगदीच रुक्ष नव्हती म्हणायची.

पण ब्रॉडकास्ट, म्हणजे अशी सगळ्यांसाठी मारलेली हाक, सबनेटाबाहेर, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या तुकड्याबाहेर, सोडायचा नाही, हे तर राउटरचं कामच. आयटीवाल्यांवर त्यासाठी चिडण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे जाऊन ‘सगळे मजले एकाच व्हीलॅनमध्ये (एकाच आभासी नेटवर्कमध्ये) टाका’ असं तर कधीच सांगू नका. मागायचं एवढंच, की सबनेटांमध्ये ४७८०८ वरची यूडीपीची थेट वाहतूक दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवा. उरलेलं काम बीबीएमडी, म्हणजे बॅकनेट ब्रॉडकास्ट मॅनेजमेंट डिव्हाइस करतं. त्यासाठी वेगळी पेटी लागतेच असं नाही. बऱ्याच सुपरवायझरी, म्हणजे इतरांवर देखरेख करणाऱ्या, कंट्रोलरमध्ये ते असतं, सुरू तेवढं करावं लागतं.

ते काय करतं ते जवळून पाहू. समजा १०.२०.१.५० या सर्व्हरने पहिल्या सबनेटात हाक मारली. पॅकेटचा पहिला बाइट ८१ आणि दुसरा ०बी, म्हणजे ‘मूळ ब्रॉडकास्ट’. त्या सबनेटातलं बीबीएमडी ही हाक ऐकतं, आपली बीडीटी, म्हणजे वाटपाची यादी काढतं आणि यादीतल्या प्रत्येक बीबीएमडीला तीच हाक पत्ता घालून थेट पाठवतं. आता दुसरा बाइट ०४ झालेला असतो, ‘पुढे पाठवलेलं’, आणि आत मूळ सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट सहा बाइटांत जोडलेला असतो. राउटरच्या दृष्टीने हे साधं पत्र, तो जाऊ देतो. १०.२०.३.१० वरचं बीबीएमडी ते घेतं आणि आपल्या सबनेटात ओरडून वाचतं. त्या सहा बाइटांमुळे ऐकणाऱ्याला कळतं, की हाक मुळात कोणाची.

यादीतल्या प्रत्येक नोंदीत एक मास्कही असतो. तिथे २५५.२५५.२५५.२५५ भरा. सवयीने सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग सबनेटाचा हे सांगणारा आकडा, भरलात, तर बीबीएमडी समोरच्या सबनेटाला थेट ब्रॉडकास्ट धाडू लागतं, आणि तसले ब्रॉडकास्ट राउटरने मुळातच बंद ठेवावेत अशी शिफारस १९९९ पासून आहे. यादी सगळ्या बीबीएमडींमध्ये सारखी हवी. एकाचीच भरलीत तर हाक जाते, ओ परत येत नाही.

आणि एका सबनेटात बीबीएमडी एकच. ‘एक बंद पडलं तर दुसरं असू दे’ हा विचार इतरत्र शहाणपणाचा, इथे घातक. दोन्ही एकमेकांच्या यादीत असले, की कंट्रोलरने एकदा मारलेली हाक दोघंही ऐकतात, एकमेकांना पाठवतात आणि दोघंही पुन्हा ओरडतात. त्याच सबनेटात एक हाक तीनदा, पलीकडे प्रत्येक ठिकाणी दोनदा. त्यात एखाद्याचं सॉफ्टवेअर कच्चं असलं तर हे थांबतच नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. एका इमारतीत एएचयूचे, म्हणजे हवा थंड-गरम करून फिरवणाऱ्या यंत्रांचे, कंट्रोलर सर्व्हरच्या यादीत व्यवस्थित दिसत होते, पण तापमान विचारलं की उत्तर नाही. दिसतोय म्हणजे नेटवर्क ठीक, असं मी धरून चाललो. दोन दिवस गेले, एक कंट्रोलर बदलूनही पाहिला. शेवटी कळलं, की कंट्रोलरमध्ये डिफॉल्ट गेटवेची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची, जागा रिकामीच होती. हू-इज बीबीएमडीकडून स्थानिक हाक म्हणून येत होती, आय-अ‍ॅम स्थानिक ओरडूनच दिली जात होती, ती बीबीएमडी पुढे नेत होतं. गेटवेची गरजच नव्हती. तापमानाचं उत्तर मात्र थेट सर्व्हरला द्यायचं होतं, आणि राउटर कुठे आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून ‘दिसतो पण बोलत नाही’ ऐकलं की मी आधी गेटवे पाहतो, मग सबनेट मास्क.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. व्हीपीएनवरून येणाऱ्या लॅपटॉपसाठी वेगळं बीबीएमडी लागत नाही. त्याने एखाद्या बीबीएमडीकडे फॉरेन डिव्हाइस, म्हणजे बाहेरचं उपकरण, म्हणून नाव नोंदवायचं. नोंदणीला मुदत असते. समजा ती ६० सेकंदांची ठरवली; त्यावर ३० सेकंदांची सवलत मिळते, तेवढ्यात पुन्हा नोंदणी झाली नाही तर नाव कटलं.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: चालत्या यंत्रणेत बीबीएमडी बंद पडलं तर काय होतं? बराच वेळ काहीच होत नाही, आणि हीच अडचण आहे. ज्यांना एकमेकांचे पत्ते आधीच माहीत आहेत त्यांचं बोलणं थेट चालू राहतं. पडद्यावर आकडे हलत राहतात. ब्रॉडकास्टने येणारी वेळ मात्र पलीकडच्या सबनेटात पोचत नाही, त्यामुळे तिथली घड्याळं हळूहळू सरकतात. मग एखाद्या रात्री वीज जाते, सर्व्हर नव्याने सुरू होतो, हू-इज म्हणतो, आणि सकाळी फोन येतो की तिसरा मजला दिसत नाही. बीबीएमडी बंद पडून तेव्हा तीन आठवडेही झालेले असू शकतात. म्हणून मी प्रत्येक बीबीएमडीला वेगळा अलार्म लावतो, आणि बीडीटीची छापील प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवतो.