जवारीचा दोरा

(सुरुवातीला तानपुऱ्याचा स्वर पंधरा सेकंद. त्यानंतर निवेदन.)

तानपुऱ्याच्या हाडाच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, ताणलेल्या तारेखाली सुती दोऱ्याचा एक तुकडा सरकवला जातो आहे. दोरा केसभर मागे जातो, तेव्हा तारेचा आवाज बोथट येतो, लाकडावर टिचकी मारल्यासारखा. तो केसभर पुढे येतो आणि तीच तार उजळते. तिच्यातून उठलेला बारीक झणकार कितीतरी वेळ खोलीत रेंगाळतो. या दोऱ्याला ‘जीव’ असेही म्हणतात, आणि वाद्याला नेमका नाद मिळवून देण्याच्या या कामाला म्हणतात जवारी काढणे.

हे मिरज आहे. रेल्वेने इथे उतरणाऱ्यांपैकी पुष्कळजण दवाखान्यासाठी आलेले असतात, कारण विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयापासून, म्हणजे १८९४ सालापासून, या गावाची ओळख वैद्यकीय उपचारांचे गाव अशी आहे. सतारमेकर गल्लीत वळणारे लोक मात्र वाद्यासाठी येतात. मन शांत करणाऱ्या नादाविषयी अलीकडे फार बोलले जाते आणि मोबाईलवर बोट ठेवताच तासभराचा तानपुरा वाजूही लागतो. तो नाद मुळात घडतो कसा, हे पाहण्यासाठी आम्ही या गल्लीत आलो.

इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारी आणि भाले यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया थांबल्या, शस्त्रांचे काम आटले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि पुढे घडण हाती घेतली. त्या काळी मिरजेत पटवर्धनांचे संस्थान होते आणि त्याचा आश्रय या कामाला मिळाला. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. स्वराच्या शुद्धतेबाबत खाँसाहेबांचा कान किती कडक होता, हे सर्वश्रुत आहे; वाद्ये स्वतः दुरुस्त करण्याचीही त्यांना आवड होती. असा गवई शेजारी असला की कारागिराला ढिलाई परवडत नाही. १९३७ साली खाँसाहेब गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाच्या दिवसांत गवई अजूनही तिथे हजेरी लावतात.

छताला टांगलेले हे भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या काठच्या शेतांतून आले आहेत. हा कडू भोपळा खाण्याच्या कामाचा नाही. वेलावर तो पुरता जून होऊ दिला जातो आणि नंतर महिनोन्‌महिने वाळवला जातो. कापताना आतून सुका गर आणि बियांचा खुळखुळाट बाहेर पडतो, तो या दृश्यात ऐकू येईल. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून, आत काठ्यांचे टेकू देऊन त्याचा आकार धरून ठेवतात. त्यावर लाकडाची तबली बसते, गळा आणि दांडी जोडली जाते, खुंट्या घोटल्या जातात आणि लाखेच्या पॉलिशचे हात फिरतात. इतके झाल्यावरही वाद्य मुकेच असते. घोडीचा रुंद माथा कानशीने घासत, प्रत्येक घासणीनंतर तार छेडून ऐकत कारागीर जो वेळ घालवतो, त्यालाच आम्ही या चित्रणात सर्वाधिक जागा दिली आहे.

हा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणाक्षणाला टेकते आणि सुटते, त्यामुळे मूळ स्वरातून अनेक उपस्वर झडत राहतात. तार जिथे छेडावी, तिथे ज्याचा कंप शून्य असतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा भौतिकशास्त्रज्ञ थॉमस यंग यांचा नियम आहे. तानपुऱ्यात तोही स्पष्ट ऐकू येतो, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली निदर्शनास आणले. पंचम (प), दोन जोडीच्या तारा (सा) आणि खर्ज (खालचा सा), एवढ्याच चार तारा लावलेल्या असताना खर्जातून गांधार (ग) आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

(खर्जाची तार एकदाच. निवेदन आठ सेकंद थांबेल.)

आता पुण्यातील हे लहानसे सभागृह, तानपुरा ऐकत शांत होण्याच्या बैठकीचे. सतरंज्यांवर माणसे आडवी झाली आहेत आणि कोपऱ्यात मिरजेचा तानपुरा छेडला जातो आहे. या पायाच्या अंगठ्याकडे पाहावे; सुरुवातीला तो सारखा हलत होता. कान झोपेतही मिटत नाही, आणि अचानक झालेला आवाज विचार करण्याआधीच अंगाला दचकवतो. तानपुऱ्यात दचकण्याजोगे काही येत नाही; ठेकाही नाही, ज्याच्या समेची वाट पाहावी. संथ छेडला तर चार तारांचे एक आवर्तन साधारण पाच सेकंदांत होते, आणि बैठक घेणाऱ्या बाई दोन आवर्तनांत एक श्वास घ्यायला आणि सोडायला सांगतात. हिशेब केला तर मिनिटाला सहा श्वास होतात.

हा आकडा नवा नाही. इटलीतील लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली २३ जणांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. मेंदूच्या देठापासून हृदय, फुप्फुसे आणि आतड्यांपर्यंत जाणारी व्हेगस नस याच कामात गुंतलेली असते. बैठकीच्या मध्यावर सगळे ओठ मिटून षड्जात गुणगुणतात. भ्रामरी करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. उच्छ्वास लांबतो तो इथे, आणि गाता गळा नसलेल्यांचाही लांबतो.

शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता संगीत ऐकल्याने काही प्रमाणात कमी होते, असे २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, २६ चाचण्यांच्या आधारे नोंदवले आहे. ठरावीक हर्ट्‌झच्या ध्वनीने आजार बरे करण्याच्या जाहिरातींना मात्र असा आधार नाही, आणि ज्यांचे औषध चालू आहे त्यांनी ते तानपुऱ्यासाठी थांबवू नये.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. धंद्याला त्याचा उपयोग किती होईल आणि घरातली किती मुले या कामाला बसतील, हे अजून ठरायचे आहे.

बेर्नार्दींच्याच २००६ सालच्या प्रयोगात २४ जणांना वेगवेगळे संगीत ऐकवताना मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत हृदयाची गती आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही खाली उतरले. सभागृहातील तानपुरा आता थांबतो आहे. बाई तारांवर तळवा ठेवतात, घोडीवरचे दोरे तसेच राहू देतात आणि वाद्यावर गवसणी चढवतात. सतरंजीवरून अजून कोणी उठलेले नाही.

(यापुढे निवेदन नाही. दोन मिनिटे खोलीचा मूळ ध्वनी.)