शेवटच्या नोंदीची तारीख

(दृश्य : लोहार चाळ, सकाळ. शटर वर जातं. डोक्यावर वायरची भेंडोळी घेतलेला हमाल कॅमेऱ्यासमोरून जातो.)

क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ. नावात लोहार असला तरी इथं विकले जातात स्विच, वायर, पंखे, एमसीबी. या दुकानाच्या पोटमाळ्यावर चढायचं तर मान वाकवावी लागते. वर एक टेबल, एक कॉम्प्युटर, यूपीएसची गुणगुण आणि हिशेब लिहिणारे काका. गल्ल्यावर शेठची तिसरी पिढी बसते. काका मात्र तेच.

रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द काकांच्या तोंडी अजून आहेत. लाल वह्या लक्ष्मीपूजनापुरत्या उरल्या, बाकी सगळं टॅलीत. १९८६ साली श्यामसुंदर आणि भारत गोएंका या बापलेकांनी सुरू केलेल्या कामातून आलेलं हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. वहीला वाळवी लागली तर दिसते. हार्डडिस्क मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत ठणठणीत असते.

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी हा कॉम्प्युटर चालूच झाला नाही. काका घाबरले नाहीत. रोज संध्याकाळी दुकान वाढवण्याआधी पेन ड्राइव्हवर बॅकअप, म्हणजे हिशेबाची जादा प्रत, घ्यायचा, हा त्यांचा नेम. लॅमिंग्टन रोडवरून नवी डिस्क आली, टॅली चढलं, रिस्टोअर झालं, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत उतरला. कंपनी, म्हणजे टॅलीतलं दुकानाचं दप्तर, उघडली. नावाशेजारी टॅली शेवटच्या नोंदीची तारीख दाखवतं. तिथं होतं, ३१ मार्च.

(दृश्य : स्क्रीनचा क्लोजअप, तारखेवर थांबलेला.)

झालं होतं असं. आर्थिक वर्ष संपल्यावर काकांनी डेटा स्प्लिट केला होता, म्हणजे जुन्या आणि नव्या वर्षाचे हिशेब वेगळे केले होते. नव्या वर्षाची वेगळी कंपनी तयार झाली, तिचा वेगळा क्रमांक, वेगळा फोल्डर. नाव तेच, फक्त मागे ‘एक एप्रिलपासून’ एवढी शेपटी. बॅकअपच्या यादीत काकांचं बोट सवयीनं जुन्याच नावावर जायचं. पाच महिने, रोज, न चुकता, बंद झालेल्या वर्षाचा बॅकअप! बॅकअप घेतल्याचा संदेश स्क्रीनवर रोज यायचा, आणि तो खोटाही नव्हता.

विक्री परत मिळाली ती जीएसटी पोर्टलवर भरलेल्या रिटर्नमधून, खरेदी जीएसटीआर-टू-बी या पोर्टलवरच्या खरेदीच्या तक्त्यातून, बँकेच्या नोंदी स्टेटमेंटवरून. अडलं ते रोखीवर. कोणी उधारीतले किती दिले, हमालीचे किती गेले, हे कुठल्याच पोर्टलला ठाऊक नव्हतं. ते निघालं गल्ल्यामागच्या तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांतून. काका एकेक चिठ्ठी वाचायचे, मदतनीस मुलगी टाइप करायची. गणपतीतसुद्धा दोघं पोटमाळ्यावरच.

हिशेबाचं सॉफ्टवेअर किती लांबवर घोळ घालू शकतं, हे मुंबईनं २०१७ च्या जूनमध्ये पाहिलं. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि समोरच्या किनाऱ्यावर, न्हावा शेवाच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते चालवणाऱ्या मर्स्क या जहाजवाहतुकीच्या समूहाच्या जगभरच्या मुख्य सर्व्हरांपैकी शाबूत राहिला एकच, घानामधला. का? तिथं वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता.

काका ही गोष्ट सांगतात आणि पेन ड्राइव्ह उपसून दाखवतात. बॅकअप झाला की तो कॉम्प्युटरला लावून ठेवायचा नाही. फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला, तर लावलेल्या पेन ड्राइव्हलाही सोडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. कंपन्यांना ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. हे दुकान भागीदारीतलं, त्याला तो नियम लागू नाही. पण जीएसटीच्या कायद्यानुसार वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावेच लागतात.

(दृश्य : शनिवार संध्याकाळ. पोटमाळा. खाली शटर अर्धं ओढलेलं.)

आता दर शनिवारी तालीम. टॅलीप्राइम या टॅलीच्या आवृत्तीत ऑल्ट आणि वाय दाबून रिस्टोअर. मुक्काम मात्र ‘चाचणी’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात. चालू फोल्डरातच रिस्टोअर केलं तर जुना डेटा नव्यावर चढतो, आणि मग रडायलाही काही उरत नाही. काका दोनदा फोल्डरचा मार्ग वाचून घेतात, मोठ्यानं, देवळातल्या पुराणिकासारखे. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतल्या डेटाच्या कुलपाचा, पासवर्ड शेठकडे पाकिटात लिहून ठेवलाय. तो हरवला तर बॅकअप असूनही कंपनी उघडत नाही.

“शेवटची तारीख वाच गं.”

“आजचीच आहे, काका.”

“रोख शिल्लक?”

ती आकडा वाचते. खाली गल्ल्यात शेठ नोटा मोजून वर ओरडतात. दहा रुपयांचा फरक. चहाचे, टाकायचे राहिलेले. काका नोंद करतात आणि बॅकअप पुन्हा घेतात.

पेन ड्राइव्ह दोन आहेत, सम तारखेचा आणि विषम तारखेचा. एक गल्ल्यात राहतो, दुसरा रेल्वेच्या पासाशेजारी काकांच्या आतल्या खिशात, रोज डोंबिवलीला जाऊन येतो.

“काका, आज कुठला नेताय?”

काका भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघतात.

“विषम.”