मैल आणि डाळीच्या डब्यातले पैसे

(ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. आधी हात वर करायला सांगते. मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे, असे किती जण? बघा, मागच्या रांगेतले दोघं सोडले तर सगळेच. आता त्यातल्या किती जणांना विमान कंपनीचा आपला मेंबर नंबर पाठ आहे? दोन. आणि त्यातल्या एक माझ्या विहीणबाई आहेत, त्यांना तो मीच पाठ करायला लावलाय.

विषय जाहीर झालाय 'विमानाचे मैल : कमवावेत कसे, खर्चावेत कसे'. मैल म्हणजे, आपण विमानाने गेलो की कंपनी आपल्या सभासद-खात्यात जमा करते ते गुण, काही कंपन्या त्यांना पॉइंट म्हणतात. पुरेसे साठले की त्यांतून तिकीट काढता येतं. ते सांगणारच आहे. पण मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यामुळे खातं म्हटलं की पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की पैसे कुणाच्या ताब्यात आहेत? मैलांच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं ही एफडी आहे, पडून राहिली तर वाढेल. मंडळी, ही एफडी नाही. यावर व्याज नाही, विमा नाही, आणि एका मैलाची किंमत किती हे कंपनी ठरवते. उद्या सकाळी बदलू शकते.

हे सुरू कसं झालं ते थोडक्यात. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरची सरकारी बंधनं उठवणारा कायदा झाला. कंपन्यांमध्ये चढाओढ लागली आणि गिऱ्हाईक आज इकडे, उद्या तिकडे जायला लागलं. मग अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी 'ॲडव्हान्टेज' ही योजना काढली. आपला महाराष्ट्र दिन, म्हणून तारीख लक्षात राहते. आरक्षणाच्या संगणकात तेच तेच फोन नंबर कुठले येतात ते शोधून त्यांनी पहिले सभासद निवडले. काही दिवसांतच युनायटेड या तिथल्याच दुसऱ्या विमान कंपनीने आपली योजना आणली. वाण्याकडे वर्षानुवर्षं माल घेतला की दिवाळीला तो साखरेची पुडी देतो ना, तीच ही गोष्ट, फक्त पुडी फार मोठी.

पुढे पुडीचाच धंदा मोठा झाला. क्रेडिट कार्डवाल्या बँका विमान कंपन्यांकडून मैल विकत घेतात आणि आपल्याला वाटतात. कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा २०२० मध्ये युनायटेडने आपली मायलेजप्लस योजनाच तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. मी आयुष्यभर तारण बघितलं, सोनं, घर, शेत, ट्रॅक्टर. इथे तारण काय, तर तुमच्या-माझ्या उड्डाणांचा हिशेब! इतकी किंमत ज्या गोष्टीला आहे, ती आपण अशी वाऱ्यावर सोडतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि कंपनीच बंद पडली तर? आपल्याकडे किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला. जेटचे मैल वेगळ्या कंपनीत होते म्हणून पुढे दुसऱ्या नावाने वापरता तरी आले. पण ज्या विमानात बसायचं म्हणून लोकांनी ते जमवले, ते विमान राहिलं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. ही थोडी लांबेल. अध्यक्षीणबाईंनी पाऊण तास दिलाय, मी घड्याळ समोर ठेवलंय.

दहा-अकरा वर्षांपूर्वी मुलीचं बाळंतपण होतं, न्यू जर्सीला. आम्ही दोघं एप्रिलमध्ये निघालो. बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळंतशेपा, बाळाची कुंची, सगळं. मैलांचं खातं मी निघण्याआधीच उघडलं होतं, यांचं आणि माझं. फॉर्मवर नाव लिहिलं तसं, जसं आपण सही करतो : नाव आणि आडनाव. तिकीट एजंटाने काढलं पासपोर्टवरून. आता आपल्या बायकांच्या पासपोर्टवर काय असतं? आडनावाच्या रकान्यात आडनाव, आणि नावाच्या रकान्यात आपलं नाव अधिक नवऱ्याचं नाव. तिकिटावर ते दोन्ही सलग, मधे जागा नाही, आणि शेवटी एमआरएस, तेही चिकटून. सगळ्या अक्षरांची एक आगगाडी! बोर्डिंग पासवर मी माझंच नाव दोनदा वाचलं तेव्हा कळलं की ही मी.

साडेपाच महिने राहिलो. सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो, तो पुरा वापरावा असं प्रत्येक आजीला वाटतं, त्यात काही चूक नाही. सप्टेंबरअखेर परतलो. मग पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. दिवाळीनंतर एका दुपारी खातं उघडलं, तर शिल्लक शून्य. दोघांचंही शून्य.

मी अर्ज केला. उत्तर आलं, जातानाच्या प्रवासाला सहा महिने उलटले, मागणीची मुदत संपली. बरं. येतानाचं काय? त्याचं उत्तर, तिकिटावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, बोर्डिंग पासची प्रत पाठवा. मला वाटलं, हे सोपं आहे. बँकेतल्या बाईने कागद टाकलाय असं कधी झालंय का? माझ्याकडे साडीचं एक खोकं आहे, पैठणीचं, लांबट. त्यात सगळे पास रबर लावून ठेवले होते आणि खोकं माळ्यावर. आमचं घर शेवटच्या मजल्यावर, वर गच्ची. आख्खा ऑक्टोबर ती गच्ची तापलेली.

खोकं खाली काढलं. रबर सुटलं, तुटलंच. पास हातात घेतला तर कंपनीचं छापील बोधचिन्ह तेवढं ठसठशीत आणि बाकी कागद कोरा. पिवळसर, गुळगुळीत, कोरा! तो कागद उष्णतेने छापला जातो, शाई नसतेच त्यात, एटीएमच्या पावतीसारखा. ऊन लागलं की छपाई उडते. यांनी खिडकीपाशी उजेडाला धरला, भिंग लावलं. सीट नंबरातला एक ४ दिसला. नाव नाही, तारीख नाही, एक ४. तो ४ त्या कंपनीला पाठवून उपयोग नव्हता.

तीन महिने पत्रव्यवहार केला. दर वेळी वेगळा माणूस, दर वेळी तेच उत्तर. तेव्हा मैल अंतरावर मिळायचे. मुंबई ते नेवार्क, म्हणजे न्यू जर्सीचा विमानतळ, सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ७,८०० मैल. जाऊन-येऊन दोघांचे तीस हजारांच्या वर. गेले. मला राग आला तो मैलांपेक्षा या गोष्टीचा, की आपल्या नावांची घडण त्यांच्या फॉर्मात बसत नाही आणि त्याचा भुर्दंड आपल्याला. मधलं नाव ही आपली सवय आहे, तो गुन्हा नाही. त्यांच्या विमानात दर हंगामाला आपले किती आजी-आजोबा बसतात, त्यांच्यासाठी एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय मी यावर एवढी का बोलते ते कळणार नाही. तीन वर्षांनी, डिसेंबरात, एका गुरुवारी रात्री यांना ॲडमिट करावं लागलं. हृदयाचं होतं. मुलीला फोन केला तेव्हा तिकडे दुपार. ती म्हणाली, निघते. नाताळचे दिवस, दुसऱ्या दिवशीचं एका बाजूचं तिकीट दोन हजार डॉलरच्या पुढे. घरात लहान मूल, नुकतंच घेतलेलं घर, हप्ते. तिच्याकडे मैल होते, पण कमी पडत होते. जावईबापूंच्या कार्डावरचे पॉइंट त्यांनी तिथल्या तिथे मैलांत बदलून घेतले, ते अर्ध्या तासात जमा झाले आणि शुक्रवारच्या विमानात एक जागा मिळाली. शनिवारी रात्री ती आयसीयूच्या बाहेर माझ्या शेजारी बाकावर होती. हे समोर दुसऱ्या रांगेत बसलेत, ठणठणीत आहेत.

त्या बाकावर मला ते पैठणीचं खोकं आठवलं. आणि आई आठवली. आई डाळीच्या डब्यात तळाशी पैसे ठेवायची. घरखर्चाचे नाहीत, हौसेचे नाहीत. रात्री-अपरात्री कुणाला निघावं लागलं तर एका माणसाच्या गाडीभाड्याचे. मैलांचं माझं सगळं म्हणणं एवढंच आहे : प्रत्येक घरात एका माणसाच्या एका बाजूच्या तिकिटाइतके मैल डाळीच्या डब्यात असावेत. तेवढे हलवायचे नाहीत. त्यावरचे सगळे खर्च करून टाकायचे, कारण साठवून ते वाढत नाहीत.

चिठ्ठी आली. "साडेसहाला हॉल सोडायचा आहे, चहा तयार आहे." म्हणजे दहा मिनिटं. जाहीर केलेलं सगळं तर अजून राहिलंय! पटपट सांगते, ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहा.

कमवायचं कसं. पहिलं, खातं विमान कंपन्यांच्या एकाच गटात ठेवा. स्टार अलायन्स हा १९९७ साली झालेला गट, एअर इंडिया त्यात जुलै २०१४ पासून आहे. लुफ्थान्सा, युनायटेड, सिंगापूर, टर्किश, स्विस, सगळे त्यातच. यातल्या कुठल्याही विमानात बसा, मैल एकाच खात्यात घेता येतात. कतार, ब्रिटिश एअरवेज, अमेरिकन, हे वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाचे. एमिरेट्स कुठल्याच मोठ्या गटात नाही. मुलांच्या गावाला कोण जातं त्यावर ठरवा, जाहिरातीवर नको. एका प्रवासाचे मैल एकाच खात्यात जातात, हेही लक्षात असू द्या.

दुसरं, खात्यावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. नंबर तिकीट काढतानाच घालायला सांगा आणि चेक-इनला बोर्डिंग पासवर तो छापला गेलाय का ते तिथेच बघा. पासचा फोटो त्याच दिवशी काढून मुलांना पाठवा. तिकिटाचा तेरा आकडी नंबर जपा. पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८. तक्रार करताना हाच नंबर कामाला येतो. आणि मैल जमा झाले का ते दोन आठवड्यांत बघा. अमेरिकेत बसून बघा, परत येण्याची वाट बघू नका.

तिसरं, एजंटाला तिकिटाच्या वर्गाचं अक्षर विचारा. इकॉनॉमी म्हणजे एकच वर्ग नव्हे, आत दहा-बारा अक्षरं असतात, आणि स्वस्तातल्या काही अक्षरांना दुसऱ्या कंपनीच्या खात्यात एकही मैल मिळत नाही. हल्ली बऱ्याच कंपन्या अंतरावर नाही, भरलेल्या पैशांवर पॉइंट देतात. एअर इंडियानेही एप्रिल २०२४ पासून तसं केलं. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तुमचं विस्ताराचं जुनं खातं असेल तर ते पॉइंट महाराजा क्लबमध्ये, म्हणजे एअर इंडियाच्या योजनेत, आलेत ना, आज घरी जाऊन बघा. आजच.

खर्चायचं कसं. मिक्सर, बॅग, हेडफोन यांवर मैल घालवू नका, तिथे भाव सगळ्यात वाईट मिळतो. हिशेब असा. तिकिटाची रोख किंमत घ्या. मैलांच्या तिकिटावरही कर आणि इंधनाचा आकार रोख भरावा लागतो, तो वजा करा. उरलेल्याला मैलांनी भागा. समजा तिकीट ६०,००० रुपयांचं, कर १५,०००, मैल ४५,०००, तर एका मैलाचा रुपया मिळाला. काही कंपन्यांचा इंधन आकार एवढा असतो की तिकीट विकत घेतलेलं परवडतं, म्हणून भागाकार करायचाच. ऐन वेळच्या आणि एका बाजूच्या तिकिटाला हा भाव बहुतेक वेळा चांगला निघतो. न विकलेल्या जागा काही कंपन्या शेवटच्या दिवसांत मैलांवर सोडतात. आमच्या मुलीला मिळाली ती बहुधा तशीच.

मुदत. सिंगापूरचे मैल तीन वर्षांत संपतात, खातं चालू असलं तरी. युनायटेड आणि डेल्टाचे संपत नाहीत. म्हणून डाळीच्या डब्याला मुदत नसलेलं खातं बघा. आणि कुटुंबाचे मैल एकत्र करा. एमिरेट्समध्ये आठ जणांपर्यंत जमतं, युनायटेडने २०२४ पासून पाच जणांना मुभा दिलीय. नातवंडांच्या नावानेही खातं निघतं. त्यांची तिकिटं आपण पूर्ण पैशांत काढतो आणि त्यांचे मैल सोडून देतो, असं करू नका.

अपग्रेडबद्दल, म्हणजे मैल देऊन वरच्या वर्गात जागा घेण्याबद्दल, बोलायचं राहिलं, ते पुढच्या वेळी. दिवाळीनंतर आणि जानेवारीत जे निघणार आहेत, त्यांनी चहा घ्यायच्या आधी तिकीट आणि पासपोर्टचं पान फोनवर उघडून ठेवा. मी खिडकीपाशी बसते, चष्मा आहे माझ्याकडे. नाव दोन्हीकडे सारखं आहे का, तेवढं एकेकाचं बघून घेऊ. आधी ज्यांची तारीख जवळची आहे ते या.