कवठे महांकाळमधली स्पेस

(सांगलीत हिशोबाची सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, उदाहरण आपल्या मार्केट यार्डातलंच घेऊ. अडत दुकानात दोन प्रोग्रॅम आहेत. एकात हळदीची आवक, वजन आणि सौद्याचा भाव चढतो. दुसरा हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी छापतो. पहिल्यात बटण दाबलं की दुसरा उघडावा आणि त्याला गाव, वजन, भाव सुरू होतानाच मिळावं, एवढंच काम. तासगावच्या शेतकऱ्याची पट्टी बिनचूक निघते, मिरजेची निघते. कवठे महांकाळची आली की गावाच्या रकान्यात नुसतं ‘कवठे’ उरतं आणि ‘महांकाळ’ वजनाच्या जागी जाऊन बसतं.

याचं मूळ विंडोजच्या रचनेत आहे. लिनक्समध्ये नवा प्रोग्रॅम सुरू करताना आर्ग्युमेंटांची, म्हणजे त्याला सुरू होतानाच द्यायच्या किमतींची, यादीच दिली जाते, प्रत्येक आर्ग्युमेंट सुटं. विंडोजचं नवा प्रोग्रॅम सुरू करणारं क्रिएटप्रोसेस फंक्शन मात्र एकच सलग ओळ पुढे देतं. तिचे तुकडे कुठे पाडायचे हे ती घेणारा प्रोग्रॅम ठरवतो, आणि सहसा तो स्पेस दिसली की तुकडा पाडतो. तुमच्या कोडमध्ये यादी दिसत असली तरी वाटेत तिची ओळ झालेली असते, हे पक्कं डोक्यात ठेवा.

तर ‘कवठे महांकाळ’ला दुहेरी अवतरणचिन्हात घालायचं. इतपत सगळ्यांना माहीत असतं. खरी मेख पुढे आहे. पट्टी कुठे साठवायची तो फोल्डरही पाठवायचा आहे, म्हणून आपण लिहितो:

पट्टी.ईएक्सई "डी:\पट्ट्या\कवठे महांकाळ\" २

शेवटचा २ म्हणजे प्रतींची संख्या. पण ती पोचतच नाही. पलीकडे एकच आर्ग्युमेंट मिळतं: डी:\पट्ट्या\कवठे महांकाळ" २. कारण अवतरणचिन्हाच्या आधी खेटून बॅकस्लॅश (\) आला की ते चिन्ह बंद करणारं राहत नाही, मजकुरातलं अक्षर होतं. अवतरण उघडंच राहतं आणि पुढचं सगळं पोटात घेतं. अवतरणचिन्हाआधीचे बॅकस्लॅश मोजा: सम असतील तर निम्मे उरतात आणि चिन्ह आपलं उघडण्या-मिटण्याचं काम करतं, विषम असतील तर जोड्यांमागे एकेक उरतो आणि सुटा राहिलेला बॅकस्लॅश त्या चिन्हाला साधं अक्षर करून टाकतो. अवतरणचिन्ह शेजारी नसेल तर बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो, म्हणून मधले बॅकस्लॅश कधी त्रास देत नाहीत आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते. उपाय सोपा: शेवटचा बॅकस्लॅश काढा, नाहीतर दुप्पट करा.

हे सगळं हाताने जोडत बसू नका. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट कोअर २.१ पासून प्रोसेसस्टार्टइन्फोमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कसा सुरू करायचा ते सांगणाऱ्या क्लासमध्ये, आर्ग्युमेंटलिस्ट आहे. त्यात एकेक किंमत घाला, अवतरणं तो लावतो. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर ही सोय नाही. तिथे वरचा नियम पाळणारं एक छोटं फंक्शन लिहा आणि सगळीकडे तेच वापरा.

रिकाम्या किमतीचं विसरू नका. शेतकऱ्याचा मोबाइल नंबर नसेल आणि तिथे काहीच लिहिलं नाही, तर पुढची सगळी आर्ग्युमेंटं एकेक जागा अलीकडे सरकतात. दोन जोडलेली अवतरणचिन्हं लिहा. त्याहून बरं म्हणजे क्रमावर विसंबूच नका. --गाव, --वजन अशी नावं देऊन किंमत पाठवा.

आता मराठीचा प्रश्न. मराठीसाठी विंडोजमध्ये जुन्या धाटणीचं एएनएसआय कोडपेज, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, नाहीच. घेणारा प्रोग्रॅम आपली ओळ वाचायला गेटकमांडलाइन-ए हे फंक्शन वापरत असेल तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. त्याचं डब्ल्यू असलेलं रूप, गेटकमांडलाइन-डब्ल्यू, वापरलं की अक्षरं शाबूत राहतात. कोड फार जुना असेल तर विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, कोडपेज म्हणून यूटीएफ-८ नोंदवता येतं; त्यात देवनागरी बसते.

कमांड प्रॉम्प्टमधून दुसरा प्रोग्रॅम सुरू करणं मी ठामपणे टाळायला सांगेन. पेढीच्या नावात & असेल आणि ते अवतरणाबाहेर राहिलं, तर तिथे एक आज्ञा संपून दुसरी सुरू होते, आणि शेतकऱ्याच्या नावाच्या रकान्यात कुणी मुद्दाम काही लिहिलं तर तेही चालतं. शिवाय तिथे ओळीची मर्यादा ८,१९१ अक्षरांची. थेट क्रिएटप्रोसेसला ३२,७६७.

दिवसभराचे सगळे सौदे पाठवायचे असतील तर ओळ ताणू नका. जेसॉन फाइल लिहा, ती बंद करा, मगच दुसरा प्रोग्रॅम सुरू करून फक्त फाइलचा पत्ता द्या. बंद न करता सुरू केलात तर ‘फाइल वापरात आहे’ असं उत्तर मिळेल. पत्ता पूर्ण द्या, डी: पासून. आणि पासवर्ड कधीही या वाटेने पाठवू नका. टास्क मॅनेजरमध्ये तो कुणालाही वाचता येतो.

पट्टीचा प्रोग्रॅम आधीच उघडा असेल तर? साधारणपणे म्यूटेक्स (एका वेळी एकाच प्रतीकडे राहणारी खूण) वापरून आपण दुसरी आहोत हे दुसरी प्रत ओळखते, नेम्ड पाइपने (दोन प्रोग्रॅममधल्या नाव दिलेल्या वाटेने) आर्ग्युमेंटं पहिलीकडे देते आणि बंद होते. देण्याआधी अपुरे पत्ते पूर्ण करून घेणं दुसऱ्या प्रतीचं काम, कारण पहिलीचा चालू फोल्डर वेगळा असतो. फाइल ‘सापडत नाही’ अशा तक्रारी इथून येतात.

पट्टी छापली का, हे एक्झिट कोडने, म्हणजे प्रोग्रॅम बंद होताना मागे ठेवतो त्या आकड्याने, कळवा: ० म्हणजे झालं, बाकी प्रत्येक आकड्याला एक ठरलेलं कारण. त्या आकड्याची वाट पाहत पहिल्या प्रोग्रॅमच्या मुख्य खिडकीच्या थ्रेडवर (खिडकी चालवणाऱ्या कामावर) थांबून राहू नका, नाहीतर आवक लिहिणाऱ्याची खिडकी गोठते आणि बाहेर रांग वाढते.

गडबड झालीच तर आधी टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्समध्ये जा, रकान्यांच्या शीर्षकावर उजवं बटण दाबून ‘कमांड लाइन’ हा रकाना घ्या. नेमकी काय ओळ गेली ते समोर दिसेल. मग मिळालेलं प्रत्येक आर्ग्युमेंट चौकटी कंसात छापणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम पट्टीच्या जागी ठेवा. [कवठे] आणि [महांकाळ] वेगळे छापले गेले, तर दुरुस्ती पाठवणाऱ्या बाजूला करायची आहे.