एका गाडीला दोन सायकली

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापूरच्या सिटी बसमध्ये प्रवाशाला स्वतःची सायकल सोबत नेता आली पाहिजे, ही मागणी घेऊन मी आज तुमच्यासमोर आहे. एका गाडीला दोन सायकली. यापेक्षा जास्त काही मागत नाही.

ही गोष्ट एकदा एका कंडक्टरजवळ काढली तेव्हा तो म्हणाला, "काका, इथं माणसालाच जागा नाही, सायकल कुठं घालू?" त्याचं म्हणणं खोटं नाही. सकाळी कॉलेजची पोरं, ऑफिसची माणसं आणि बाजाराच्या पिशव्या एकाच दारातून आत शिरत असतात, तेव्हा सायकल आत घ्या असं मी म्हणणारच नाही. पण तीच गाडी दुपारी बारानंतर बघा. अर्धी बाकं मोकळी असतात. त्या वेळेला दोन सायकली आत उभ्या राहिल्या तर कुणाचं काय अडतं? आणि गर्दीच्या वेळेसाठीही उपाय आहे, सायकल बसच्या आत न घेता बसच्या पुढं अडकवायचा. त्याबद्दल पुढं सांगतो.

आधी ही सायकल कुणाची, ते बघू. गेल्या वीस वर्षांत आपलं शहर पूर्वेला किती लांब गेलं! कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावानं विडी कामगार महिलांची 10,000 घरं उभी राहिली, 2006 साली. मग त्याच बाजूला रे नगर झालं. तिथल्या 15,000 घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. यंत्रमागावरचे कामगार, विडी वळणाऱ्या बाया, फेरीवाले, कचरा वेचणारे, अशांची ही घरं. झोपडपट्टीतल्या एका खोलीतून स्वतःच्या पक्क्या घरात जाणं किती मोठी गोष्ट असते, ते त्या बायांच्या तोंडून ऐकावं. पण घर दहा-बारा किलोमीटर लांब गेलं आणि काम जिथल्या तिथं राहिलं. यंत्रमाग शहराच्या जुन्या पूर्व भागात आणि एमआयडीसीत, बाजार शहरात, पोरांची कॉलेजं आणखी तिसरीकडं.

आता या घरातला माणूस कामावर जातो कसा? सगळी वाट सायकलवर काढायची तर अक्कलकोट रोडवर ट्रक अंगावरून जातात. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं पारा 43 अंशांच्या पुढं जातो, तेव्हा परतीचा रस्ता म्हणजे अंगाची लाही. बसनं जायचं तर घरापासून थांबा लांब, आणि उतरल्यावर मागाच्या शेडपर्यंत आणखी दोन किलोमीटर. म्हणजे बसच्या तिकिटावर शेअर रिक्षाचे पैसे वेगळे, तेही जाताना आणि येताना. शेवटी माणूस काय करतो? हप्त्यावर मोटरसायकल घेतो. पगारातून हप्ता जातो, पेट्रोल जातं, आणि घरात आधीपासून असलेली चांगली सायकल भिंतीला टेकून गंजत राहते.

बस लांबचा पल्ला मारते, पण तुमच्या दारात येत नाही. सायकल दारात येते, पण लांबच्या पल्ल्याला माणूस दमतो. ही दोन्ही एकत्र आणली की माणूस स्वतःच्या पायावर कुठूनही कुठंही जाऊ शकतो. माझं सगळं म्हणणं एवढ्याच गोष्टीवर उभं आहे.

यात नवीन काही नाही, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना लगेच पटेल. एसटीच्या लाल गाडीला टपावर कठडा असायचा आणि मागं लोखंडी शिडी. त्या शिडीवरून हमाल सायकल खांद्यावर घेऊन वर चढायचा, सुतळीनं बांधायचा. सामानाचं तिकीट फाडलं की सायकल गावाला निघाली. सायकलींबरोबर ज्वारीची पोती, कोंबड्यांचे खुराडे, लग्नातला पत्र्याचा पाळणा, सगळं वर. कुणाला त्यात विचित्र वाटत नव्हतं. पुढं टपावरचे कठडे गेले, शिड्या गेल्या आणि सायकलही उतरली ती उतरलीच.

आता जरा बाहेरच्या गावांची गोष्ट सांगतो, कारण ही मागणी करणारे आपण पहिले नाही. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा नावाचं शहर आहे. तिथं 2014 साली नवी ट्राम सुरू झाली. ट्राम म्हणजे रस्त्यातल्या रुळावरून धावणारी विजेची गाडी. आपल्या राज्यात ती मुंबईला होती, 31 मार्च 1964 ला शेवटची धावली. तर एडिनबरामध्ये ट्राम आली तेव्हा ब्रिटनमधल्या दुसऱ्या कुठल्याही ट्राममध्ये घडी न होणारी, म्हणजे साधी सायकल नेऊ देत नव्हते. तिथं 1977 पासून काम करणारी स्पोक्स नावाची सायकलवाल्यांची संघटना आहे. त्यांनी हा विषय लावून धरला. अडचणी तिथंही त्याच सांगितल्या गेल्या: गर्दी होईल, कुणाला तरी लागेल, चिखल होईल. संघटनेनं हट्ट धरला तो एवढाच, की आधी करून तर बघा. मग काही दिवस प्रयोग झाला. त्यातून काही बिघडलं नाही हे दिसलं, आणि 2015 साली गर्दीच्या वेळा सोडून सायकलींना कायमची परवानगी मिळाली. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती प्रयोगाची मागणी. कायमचा निर्णय मागितला की साहेबाला भीती वाटते. तीन महिन्यांचा प्रयोग मागितला की फाइल निदान टेबलावरून हलते.

सगळीकडं असं झालेलं नाही, हेही सांगायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये अडीचशे किलोमीटरचं ट्रामचं जाळं आहे, जगातलं सगळ्यात मोठं, आणि तिथं आजही फक्त घडीची सायकल चालते. उलट जर्मनीत श्टुटगार्टला एक जुनी, दात्यांच्या रुळावरून चढ चढणारी गाडी आहे. तिच्या पुढं सायकलींसाठी एक वेगळी उघडी गाडीच जोडलेली असते. लोक चढाला सायकल तिच्यात टाकतात आणि वर पोचले की उतारावरून मजेत खाली येतात.

परदेशाचं काय सांगता, आपल्याकडचं सांगा, असं कुणी म्हणेल. कोचीच्या मेट्रोनं नोव्हेंबर 2020 मध्ये सायकली घ्यायला सुरुवात केली. आधी सहाच स्थानकांवर, मग सगळ्या. नागपूरच्या मेट्रोत सायकल नेता येते. बंगळुरूमध्ये त्याच 2020 च्या सुमारास काही सिटी बसच्या तोंडावर सायकलचे स्टँड बसवले गेले. कोची, नागपूर, बंगळुरू यांचे रस्ते आणि माणसं आपल्यासारखीच आहेत. तिथं जमतं ते सोलापुरात का जमू नये?

बसच्या पुढच्या त्या स्टँडबद्दल नीट सांगतो, कारण ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्या डोळ्यासमोर भलतंच काही तरी येतं. बसच्या पुढच्या बंपरवर लोखंडी पाइपची एक चौकट बसवलेली असते. एरवी ती वर दुमडून काचेखाली गाडीला चिकटून असते. सायकलवाला थांब्यावर ड्रायव्हरला हात करतो, पुढं येतो, कडी ओढून चौकट खाली पाडतो. चौकटीत चाकाच्या मापाच्या दोन पन्हळी असतात. सायकल उचलून दोन्ही चाकं पन्हळीत टेकवायची आणि स्प्रिंगचा एक आकडा ओढून पुढच्या चाकावर अडकवायचा. झालं. ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नाही आणि सायकल सगळा वेळ त्याच्या नजरेसमोर राहते. सरावाच्या माणसाला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही. अमेरिकेत सिएटल शहरानं 1990 च्या दशकात आपल्या सगळ्या बसना असे स्टँड लावले आणि तिथून ती पद्धत पसरली. बसमधली एक सीटही कमी होत नाही, म्हणून सकाळच्या गर्दीला हाच उपाय.

मात्र तिकडचा स्टँड उचलून इकडं लावला की काम झालं, असं होणार नाही. आपली सायकल वेगळी आहे. मागावरचा कामगार जी काळी, दांडीची सायकल चालवतो ती वीस किलोच्या घरात जाते. तिला मागं कॅरिअर असतं, दुहेरी स्टँड असतो, हँडलला डबा असतो, आणि कधी कधी दांडीवर पोराची छोटी सीट. कंबरेएवढ्या उंचीच्या चौकटीवर ती उचलायला तरण्या गड्यालाही जोर लावावा लागेल, मग अकरावीतल्या पोरीनं काय करायचं? म्हणून स्टँड जितका खाली घेता येईल तितका घ्यावा. पन्हळ रुंद हवी, डबल स्टँड अडकणार नाही अशी. रात्री हँडलमुळे हेडलाइट झाकला जाणार नाही, हेही आधी तपासलं पाहिजे. हे सगळं आपल्या एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला चार दिवसांत करून देईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या गावातले मिस्त्री मागाचे सुटे भाग घडवत आले, त्यांना सायकलची चौकट काय अवघड!

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. जाणकार लोक म्हणतात की सायकल बसमध्ये नेण्यापेक्षा थांब्यावर ठेवायला चांगली जागा द्या, ते स्वस्त पडेल. हॉलंडमध्ये रेल्वे स्टेशनांजवळ हजारो सायकली उभ्या असतात, हे खरं आहे. मुंबईचे डबेवालेसुद्धा डबे लोकलनं नेतात आणि सायकल स्टेशनाबाहेर ठेवतात. थांब्यावर कुलूप लावता येईल असा, सावलीतला स्टँड हवाच, मीही त्याच्या बाजूनं आहे. पण त्यानं घरापासून थांब्यापर्यंतचा प्रश्न सुटतो, उतरल्यानंतरचा सुटत नाही. केगावला विद्यापीठात जाणाऱ्या पोरानं उतरल्यावर फिरायला दुसरी सायकल कुठून आणायची? ज्या घरात एकच सायकल आहे आणि ती बाप, मुलगी, धाकटा भाऊ असे तिघं वाटून वापरतात, तिथं ती सायकल दिवसभर थांब्यावर कुलपात ठेवून चालत नाही. ती ज्याच्या त्याच्याबरोबर जायलाच हवी.

आणि बसमध्ये व्हीलचेअरसाठी जी मोकळी जागा असते, तिथं आत घेतलेली सायकल उभी राहील, पण त्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरवरच्या माणसाचा. तो थांब्यावर दिसला की सायकलवाल्यानं मुकाट्यानं उतरायचं. हे नियमात लिहिलेलं असावं, कंडक्टरच्या मर्जीवर नसावं.

आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट इथं सांगावीशी वाटते. छोट्या रुळावरची बार्शी लाइट रेल्वे ज्यांनी उभी केली ते इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शीला गाडी सुरू झाली 1897 मध्ये. पुढं हीच गाडी वारकऱ्यांना पंढरपूरला घेऊन जाऊ लागली. त्याच कॅलथ्रॉपनी नंतर इंग्लंडमध्ये 1904 साली सुरू झालेल्या एका छोट्या रेल्वेवर अशा गाड्या वापरल्या, की मोठ्या रुळावरचा अख्खा डबा छोट्या रुळावरच्या गाडीवर चढवून न्यायचा. माल उतरवायचा नाही, पुन्हा भरायचा नाही. रूळ बदलला तरी प्रवास तुटत नाही. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत पोती हलवताना हमालांची पाठ कशी मोडते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असणार. घरापासून कामापर्यंतचा प्रवास जिथं तुटतो तो सांधा जोडायचा, इतकाच आपलाही प्रश्न आहे.

वेळ आत्ताची आहे, हेही सांगतो. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेला 2023 मध्ये मंजुरी मिळाली, देशभरात 10,000 ई-बससाठी, आणि त्यात सोलापूरचंही नाव आहे. शहरात नव्या गाड्यांची, नव्या मार्गांची, नव्या डेपोची चर्चा चालू असते तेव्हाच अशी मागणी करायची असते. गाडी रस्त्यावर आल्यावर चौकट बसवायची म्हटलं की परवानगी, खर्च, गॅरंटी असे दहा प्रश्न निघतात. गाडी मागवतानाच दोन ओळी लिहिल्या तर ते प्रश्न उरत नाहीत.

तेव्हा तुम्ही काय करायचं? एक साधा अर्ज लिहा, महापालिकेच्या परिवहन व्यवस्थापकांच्या नावे. मागणी मोजकी ठेवा. कुंभारीकडच्या एका मार्गावर तीन महिने प्रयोग करावा. सकाळी अकरा ते चार दोन सायकली आत घ्याव्यात, आणि त्याच मार्गावरच्या दोन गाड्यांना पुढं स्टँड लावून बघावा. सायकलचं तिकीट किती घ्यायचं ते त्यांनी ठरवावं, पण ते माणसाच्या तिकिटाहून जास्त नसावं. मग खाली तुमची स्वतःची गोष्ट लिहा: घर कुठं, काम कुठं, कुठल्या थांब्यावर चढता, उतरून किती चालता, रिक्षाला महिन्याला किती जातात. हे खरे आकडे त्यांना दुसरं कुणी देणार नाही. वस्तीत ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज तुम्ही लिहा आणि त्यांना वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्या. अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

नमस्कार.